एल. व्ही. लिहून बंद केलेली तक्रार

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "ढोमणेकाका, तीस वर्षं तुम्ही वसाहतीत घरोघरी शिडी घेऊन फिरलात. दिवाळी म्हणजे दिव्यांचा सण. दिव्यांच्या गमतीजमती लिहा की!" मी हो म्हणून बसलो. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला घेतलं की हात दर वेळी एकाच घराच्या दाराशी येऊन थांबतो, आणि त्या घरात गंमत नाही. एका माणसाचे डोळे गेले आणि त्यात माझाही हात होता, अशी ती हकिगत आहे. संपादकांनी माफ करावं. आधी थोडं कामाबद्दल सांगतो, मग त्या घराबद्दल.

मी मूळचा नागपूरचा. आयटीआय करून भोपाळला एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत वायरमन म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आता आनंद नगरात राहतो. वसाहतीतल्या आमच्या ऑफिसला सगळे 'इन्क्वायरी' म्हणत. एक खोली, एक टेबल, दोरीने बांधलेलं पेन आणि तक्रारींचं जाडजूड रजिस्टर. लोक येऊन क्वार्टरचा नंबर आणि तक्रार लिहून जात. आम्ही रजिस्टर काखेत मारून घरी जायचं, काम करायचं, काय केलं ते शेवटून दुसऱ्या रकान्यात लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात घरच्यांची सही घ्यायची. सही झाली की तक्रार बंद. सही राहिली तर शनिवारी आमचे सुपरवायझर तिवारीजी रजिस्टरवर लाल पेन्सिल फिरवत आणि आमची हजेरी घेत.

तेव्हा एलईडी कुणाच्या स्वप्नातही नव्हते. घरात एखादी ट्यूब, बाकी सगळे पिवळे बल्ब. या बल्बचा स्वभाव आजच्या मुलांना ठाऊक नाही म्हणून सांगतो. आतली बारीक तार तापून पांढरी होते, तो त्याचा उजेड. व्होल्टेज थोडं पडलं तर उजेड थोडा कमी होत नाही, फारच कमी होतो. दोनशे तीसच्या जागी एकशे साठ आले की साठ वॅटचा बल्ब लालसर होऊन समईएवढा उजेड देतो. पण असा अर्धपोटी बल्ब मरत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. उलट व्होल्टेज चढलं की तो झगझगीत पेटतो, घरची मंडळी खूश होतात आणि तो चार दिवसांत जातो. पहाटे सगळं गाव झोपलेलं असताना व्होल्टेज वर असायचं, त्यामुळे सकाळी पहिलं बटण दाबलं जातं त्या न्हाणीघरातले बल्ब सगळ्यांत जास्त जायचे.

शिवाय बल्ब बहुधा लागतानाच जातो, कारण थंड तार एकदम करंट ओढून घेते. म्हणून गेलेली लाइट परत आली की पंधरा मिनिटांत इन्क्वायरीवर हातात फ्यूज बल्ब घेतलेल्या लोकांची रांग. जुना द्या, नवा घ्या, असा वसाहतीचा नियम होता. मी घसा कोरडा करून सांगायचो, लाइट गेली की सगळी बटणं बंद करा, एकच चालू ठेवा. कुणी ऐकलं नाही. एक रत्नागिरीच्या बाई होत्या, त्या तुटलेली तार बल्ब गोल गोल फिरवून पुन्हा चिकटवायच्या. अशी तार आखूड होते, म्हणून बल्ब आधीपेक्षा लख्ख पेटतो आणि लवकर मरतो. त्या मला दटावायच्या, "ढोमणे, बघा, माझा हा जुना कसा पेटतो! तुमच्या स्टोअरवाल्यांना सांगा, असेच आणा म्हणावं."

संध्याकाळी व्होल्टेज पडण्याचं कारण कुणाला शोधायला जावं लागत नव्हतं. ते घरोघरी खाटेखाली होतं. विटेएवढ्या मातीच्या चौकोनात नागमोडी तार बसवलेला हीटर. मनाई होती, आणि प्रत्येक घरात होता. मी तक्रारीला गेलो की आतून आधी सरकवासरकवीचा आवाज यायचा, मग दार उघडायचं. खाटेखालून धूर येत असायचा आणि आम्ही दोघेही तिकडे न बघता पंख्याबद्दल बोलायचो. माझ्याही घरी होता, खोटं कशाला बोलू? थंडीत सात वाजता सगळ्यांची भाजी एकदम चढली की जुना ट्रान्सफॉर्मर मान टाकायचा आणि अख्खा सेक्टर लाल होऊन बसायचा.

या तक्रारींवर आमच्याकडे एक रामबाण औषध होतं. रकान्यात दोन अक्षरं लिहायची, एल. व्ही. म्हणजे लो व्होल्टेज. म्हणजे दोष वरचा, आमचा नाही, उपाय वरून होईल. घरचे लोकही ती अक्षरं वाचून शांत व्हायचे, कारण आपली तक्रार खरी ठरली. 'सप्लाय ठीक' लिहिलं तर भांडायचे, सही द्यायचे नाहीत. मी नवा असताना मीटर लावून बघत बसायचो, तेव्हा तिवारीजी म्हणाले, "एल. वी. लिख दो, साइन लो, आगे बढ़ो. वोल्टेज क्या तुम्हारी जेब में रखा है?" पुढे मीटर पिशवीतच राहू लागला. संध्याकाळची तक्रार आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला जायचो, तेव्हा मीटर लावून उपयोगही नसायचा. न बघताच एल. व्ही. लिहायची सवय लागली.

खानवलकर साहेब कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, यंत्रांचे नकाशे काढायचे. मूळचे पुण्याचे, चाळिशी उलटलेले, मोजकं बोलणारे. घरी ते आणि वहिनी, दोघंच. त्यांचं अक्षर रजिस्टरात छापल्यासारखं उठून दिसायचं. बाकीचे 'लाइट डिम' असं कसंबसं खरडायचे. हे लिहायचे, 'सायंकाळी साडेसहानंतर उजेड अपुरा, वाचन अशक्य.' घरी त्यांचा एक ड्रॉइंगबोर्ड होता. ऑफिसचं काम ते संध्याकाळी घरी आणत आणि त्याबद्दल त्यांना मोठा अभिमान होता. मी सांगतोय त्या हिवाळ्यात वरिष्ठ ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी त्यांचं नाव पुढे होतं.

पहिल्यांदा गेलो तो सकाळी दहा वाजता. बल्ब बघितला, काच पुसली, एल. व्ही. लिहिलं, सही घेतली. आठ दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. मी साठचा काढून शंभरचा लावला. तिसऱ्या वेळी साहेब घरी होते, त्यांनी मला चहाला बसवलं आणि म्हणाले, "ढोमणे, एक विचारू? संध्याकाळी बल्बभोवती रंगीत कडं दिसतं. इंद्रधनुष्यासारखं. हे कशामुळे?"

आता हे मला ठाऊक नव्हतं. पण वायरमनला दिव्यातलं काही ठाऊक नाही असं ड्राफ्ट्समनसमोर कसं म्हणायचं? मी थाटात सांगितलं, "साहेब, व्होल्टेज पडलं की तार पांढरी न होता लाल होते. मग उजेडातले रंग सुटे सुटे पडतात. एल. व्ही.चं हे लक्षणच आहे."

"असं होय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मला वाटलं मलाच काही झालं की काय."

ते वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. आज वाटतं, तिथेच थांबून विचारायला हवं होतं.

त्या वर्षी होळीला एक गोष्ट घडली. सुट्टी होती, अर्धा सेक्टर गावी गेलेला, हीटर थंड. मी ड्यूटीवर एकटा, आणि खानवलकर संध्याकाळी स्वतः इन्क्वायरीवर आले. म्हणाले, "आज तर फारच मंद आहे. आत्ताच्या आत्ता चला, म्हणजे तुम्हाला दिसेल." मी गेलो. बल्ब शंभरचा, छान पेटलेला. एवढ्या लांब आलोच आहे तर बघू, म्हणून मी मीटर काढून लावला. दोनशे वीस.

मला आधी वाटलं सुई अडकली. टिचकी मारून बघितलं. दोनशे वीसच. खानवलकर बोर्डाजवळ उभे राहून म्हणत होते, "बघा, हा काय उजेड म्हणायचा?" मी एकदा बल्बकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मनात आलं, यांना दोनशे वॅटचा बल्ब हवा असेल, मागायची लाज वाटत असेल, म्हणून हा आग्रह. पुणेरी माणूस, सरळ थोडाच मागेल? वाद घालायचं माझ्या जिवावर आलं. 'सप्लाय ठीक' लिहिलं असतं तर सही मिळाली नसती आणि शनिवारी लाल पेन्सिल. मी मीटर पिशवीत टाकला, एल. व्ही. लिहिलं आणि रजिस्टर पुढे केलं.

त्यांनी सही केली ती वरच्या ओळीत, मिश्रांच्या क्वार्टरसमोर. इतक्या रेखीव माणसाची सही, आणि ती दुसऱ्याच्या नावापुढे. मी हसून म्हटलं, "साहेब, मिश्राजींची तक्रारही तुम्हीच बंद केलीत." तेही हसले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत.

दोनच दिवसांनी मी स्टोअरमधून दोनशेचा बल्ब आणून लावला. मैदानातल्या खांबांसाठी तसे ठेवलेले असायचे. त्या बल्बच्या धगीने होल्डर काळा पडला, छतावर डाग उठला. त्याखाली खानवलकर घामाघूम होऊन बोर्डावर वाकलेले असायचे. माझी मोठी मेहेरबानी असल्यासारखं मी चार घरी सांगितलंही.

पुढच्या महिन्यात वहिनी मला दूध केंद्राच्या रांगेत भेटल्या. रांग सोडून बाजूला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ढोमणे, यांचे डोळे दाखवून घ्यावेत का हो? संध्याकाळी कपाळ ठणकतं, मळमळतं. परवा शेजारी ठेवलेला कप दिसला नाही, हात लागून पडला. मी म्हटलं की चिडतात. म्हणतात, ढोमणे दिव्यातला माणूस आहे, तो सांगतोय व्होल्टेज आहे, मग तुझं काय मधेच?"

मला बरं वाटलं हे ऐकून. लाज वाटते लिहायला, पण बरंच वाटलं. मी म्हणालो, "वहिनी, कमी उजेडात डोकं दुखायचंच. आमच्या घरीही दुखतं. आता नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर झालाय, उन्हाळ्यात बसेल. तेवढे दिवस कळ काढा, मग बघा."

त्यांनी कळ काढली. उन्हाळ्यात बसणारा ट्रान्सफॉर्मर सरकारी चालीने दसऱ्याला बसला. मधल्या काळात खानवलकरांच्या नकाशांत दोन वेळा चूक निघाली आणि वरिष्ठाची जागा दुसऱ्याला गेली, हे मला नंतर कळलं. ऑफिसात मोठ्या खिडक्या होत्या, दिवसाउजेडी ते निभावून न्यायचे. डोळ्यांचं नाव काढलं असतं तर मेडिकल झालं असतं, आणि मेडिकलमध्ये ड्राफ्ट्समन नापास झाला की बोर्ड सुटतो. तेव्हा दोष व्होल्टेजचा निघणं त्यांनाही हवंच होतं. मी त्यांना दर आठवड्याला ते लेखी देत होतो.

ट्रान्सफॉर्मर चालू केला तो दिवस मला अजून दिसतो. संध्याकाळी साडेसहाला तिवारीजींनी हँडल वर केलं आणि अख्खा सेक्टर पांढरा झाला. इतकी वर्षं लाल उजेडात राहिलेली माणसं गॅलरीत आली, टाळ्या वाजवल्या. बायका एकमेकींना खिडक्या दाखवत होत्या. मी छाती फुगवून ब्लॉकसमोरून चाललो होतो. खानवलकर आपल्या दारात उभे होते. त्यांच्या पाठीमागे तो दोनशेचा बल्ब असा पेटला होता की दाराबाहेर अंगणात त्यांची काळीभोर सावली पडली होती.

चाहूल लागून त्यांनी विचारलं, "कोण, ढोमणे? सगळे टाळ्या वाजवतायत. आमच्या ब्लॉकला अजून जोडलं नाही का?"

मी आत गेलो, मीटर लावला. दोनशे तीस. खानवलकर मागोमाग भिंतीला हात लावत आत आले आणि त्यांनी मान वर करून बल्बकडे बघितलं. त्या बल्बकडे मला क्षणभरही बघवत नव्हतं. ते पापणी न हलवता बघत राहिले आणि म्हणाले, "हा बघा, तसाच आहे." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "साहेब, उद्या सकाळी हॉस्पिटलला जाऊ. मी येतो बरोबर."

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते मी इथे मुद्दाम लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. काही माणसांच्या डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अरुंद असते. उजेड मंद झाला की बाहुली मोठी होते, वाट बुजते, डोळ्यात दाब चढतो. म्हणून त्रास संध्याकाळी. कपाळ ठणकणं, मळमळ, दिव्याभोवतीचं रंगीत कडं ही त्याचीच लक्षणं. म्हणजे लो व्होल्टेजचा संबंध होता, पण मी सांगितला तसा नाही. दाब चढला की आतली नस मरते, आणि मेलेली नस परत येत नाही. उजवा डोळा गेलेला होता. डाव्यात नळीतून बघावं एवढंच उरलं होतं आणि तेही टिकेल याची खात्री डॉक्टरांना नव्हती.

"एक साल से तकलीफ़ है और आप अब आए हैं?" डॉक्टर वहिनींवर रागावले. "इतने दिन क्या करते रहे?"

मी शेजारीच उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "हमें लगा, लाइट की शिकायत है।" माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांनी घ्यायला हवं होतं.

बोर्ड सुटला. कारखान्याने त्यांना टपाल विभागात फोनजवळ बसवलं. तिथे ते दीड वर्ष बसले. मग डावा डोळाही विझत गेला, आणि त्यांनी राजीनामा देऊन पुण्याला भावाकडे जायचं ठरवलं.

क्वार्टर सोडताना वायरमनने घरी जाऊन दिवे, पंखे, बटणं तपासून यादी करायची आणि त्यावर राहणाऱ्याची सही घ्यायची, अशी पद्धत होती. तिवारीजी दुसऱ्याला पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, नको, मीच जातो. सामान बांधून झालं होतं. रिकाम्या खोलीत ड्रॉइंगबोर्ड तेवढा भिंतीला टेकवलेला होता, तो चुकून मागे राहिला असावा किंवा मुद्दाम ठेवला असावा. मी विचारलं नाही. खानवलकर खुर्चीवर बसले होते. मला म्हणाले, "तो दोनशेचा बल्ब यादीत नसेल. तुमचाच आहे, काढून घ्या."

मी शिडीवर चढून तो काढला. खाली उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, "ढोमणे, होळीला तुम्ही मीटर लावला होता ना? टिचकीचा आवाज आला होता मला. किती दाखवत होता?"

दोन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तरं पुष्कळ तयार केली होती. "दोनशे वीस," मी म्हणालो.

"मग एल. व्ही. का लिहिलंत?"

"तुमची सही मिळावी म्हणून."

वहिनींनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मग साहेब म्हणाले, "मला संशय होता. तुमच्यावर नाही, डोळ्यांवर. पण तुम्ही दर वेळी एल. व्ही. लिहायचात आणि मी रात्री नीट झोपायचो." आणि हात पुढे करून म्हणाले, "आणा ती यादी."

आज माझ्या घरी सगळे एलईडी आहेत. त्यांना व्होल्टेजचं काही वाटत नाही, ते कमी झालं तरी हे तेवढेच पेटतात. आता घरात कुणी म्हणालं की आज उजेड मंद वाटतोय, तर मी दिव्याकडे बघतही नाही. चप्पल घालतो आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जातो. सून हसते. शेजारपाजारचेही हसतात, त्यांनाही मी दोन-तीनदा नेलं आहे. हसू देत.

त्या दिवशी मी यादीचा कागद पुठ्ठ्यावर लावून त्यांच्या मांडीवर ठेवला. वहिनी खिडकीपासून आल्या, त्यांनी साहेबांचं बोट धरलं आणि सहीच्या चौकटीत नेऊन टेकवलं. त्यांनी पेन घेतलं आणि सावकाश सही केली. पूर्वीसारखीच, छापल्यासारखी, चारही बाजूंना सारखी जागा सोडून.

"या वेळी बरोबर जागी आली ना?" त्यांनी विचारलं.

"आली साहेब," मी म्हणालो, आणि कागद उचलायला मला जमेना.